‘अल्फा व ओमेगा’ हे बिरुद कोणाचे? खानदेशातील एका चर्चेची पार्श्वभूमी

नंदुरबार, नवापूर, धुळे, जळगाव, भुसावळ या पट्ट्यातील मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत बायबल-अभ्यासाच्या बैठकीत एक प्रश्न वरचेवर निघतो. बायबलातील शेवटच्या, प्रकटीकरणाच्या पुस्तकात ‘अल्फा व ओमेगा’ (ग्रीक वर्णमालेतील पहिले व शेवटचे अक्षर), ‘पहिला व शेवटला’, ‘सर्वसमर्थ’ अशी जी बिरुदे येतात, ती केवळ पित्याची आहेत, की प्रभू येशूलाही लागू पडतात? घरोघरी फिरणारे आणि येशूला पित्याच्या बरोबरीचा देव न मानणारे यहोवाचे साक्षीदार ‘अल्फा व ओमेगा’ हे फक्त पित्याचे बिरुद मानतात. याच्या अगदी उलट, केवळ येशूच्या नावाने बाप्तिस्मा देणारे आणि येशू हाच पिता असे शिकवणारे काही पेन्टेकॉस्टल गट तीच वचने आपल्या बाजूने पुढे करतात. जुन्या मिशन-परंपरेतली कुटुंबे त्रैक्यावर (पिता, पुत्र व पवित्र आत्मा मिळून एकच देव, यावर) ठाम विश्वास ठेवतात, पण नेमके कोणते वचन दाखवायचे याबाबत त्यांची अडचण होते. हा वाद सुमारे अठराशे वर्षांचा आहे. तो इतिहास ठाऊक नसला की कच्च्या पायावर पक्के दावे उभे राहतात, आणि ते ढासळले की भाविकाचा विश्वासच ढासळल्यासारखे वाटते. ही हानी टाळता येण्याजोगी आहे.

खानदेशात हा प्रश्न प्रकटीकरणाच्याच पुस्तकावरून का निघतो, याला कारण आहे. पूर्व खानदेशात भुसावळ, जळगाव, चाळीसगाव या रेल्वेच्या गावांत ‘क्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स’ने काम केले, तर पश्चिमेला नंदुरबारच्या बाजूला स्वीडिश अलायन्स मिशनचे मिशनरी आले. या दोन्ही प्रवाहांचा उगम एकोणिसाव्या शतकातील जागृतीच्या चळवळींत होता. पहिल्या संस्थेचे संस्थापक ए. बी. सिम्पसन यांनी आपला संदेश चार शब्दांत बांधला होता : तारणारा, पवित्र करणारा, बरे करणारा आणि येणारा राजा ख्रिस्त. ‘येणारा राजा’ शिकवायचा तर प्रकटीकरण उघडावेच लागते, आणि ते उघडले की पहिल्याच अध्यायात ही बिरुदे समोर येतात.

त्यांचे मूळ जुन्या करारातील यशयाच्या पुस्तकात आहे. अध्याय 41, 44 आणि 48 या तिन्ही ठिकाणी परमेश्वर स्वतःला पहिला आणि शेवटला म्हणवतो, आणि 44:6 मध्ये तर ‘माझ्यावेगळा देव नाही’ या घोषणेच्या जोडीनेच ते शब्द येतात. पहिल्या शतकातील यहुदी श्रोत्याच्या कानावर ‘पहिला व शेवटला’ हे शब्द पडले की त्याला मूर्तींना नाकारणारा इस्राएलाचा देवच आठवणार.

मंडळीत यावरून पहिली चकमक झाली ती येशूचे देवत्व नाकारणाऱ्यांशी नव्हे. तिसऱ्या शतकाच्या आरंभी प्रॅक्सियस आणि नोएटस यांच्या नावाने ओळखली जाणारी शिकवण पिता आणि पुत्र यांत भेदच मानत नव्हती. ख्रिस्ती लेखक तर्तुलियनने प्रॅक्सियसविरुद्ध लिहिताना सांगितले की सर्वसमर्थ, परात्पर, सैन्यांचा प्रभू ही पित्याची नावे पुत्रालाही शोभतात, परंतु तेवढ्याने पुत्र हाच पिता ठरत नाही. आणि त्यासाठी त्याने प्रकटीकरण 1:8 चा (‘मी अल्फा व ओमेगा’ असे ‘सर्वसमर्थ’ म्हणतो, त्या वचनाचा) आधार घेतला. नोएटसविरुद्ध लिहिणाऱ्या हिप्पोलिटसनेही तेच वचन ख्रिस्ताला लावले, आणि त्याच शतकातील ख्रिस्ती विचारवंत ओरिजेननेही. आज ‘येशूच पिता’ म्हणणाऱ्यांशी बोलताना मला तर्तुलियनची ही मांडणी सर्वांत उपयोगी वाटते, कारण ती बिरुद सामायिक मानते आणि व्यक्ती वेगळ्या ठेवते.

चौथ्या शतकात, पुत्र हा पित्याने निर्माण केलेला आहे असे शिकवणाऱ्या एरियसचा वाद पेटला आणि 325 मध्ये बिशपांची नायसियाची परिषद भरली, तेव्हा मात्र प्रकटीकरण रणांगणाच्या मध्यावर नव्हते. भांडण मुख्यतः नीतिसूत्रे 8:22 आणि योहानाचे शुभवर्तमान यांवर चालले. पूर्वेकडील अनेक मंडळ्यांत या पुस्तकाविषयी शंका होती. अलेक्झांड्रियाच्या डायोनिसियसने तिसऱ्या शतकातच ते प्रेषित योहानाचे नसावे असे मत दिले होते, आणि पेशित्ता या जुन्या सिरियाक भाषांतरामध्ये मुळात ते नव्हतेच. अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस याने 367 च्या पत्रात ते मान्य पुस्तकांत गणले. म्हणून येशूच्या देवत्वाचा सिद्धांत ‘अल्फा व ओमेगा’ या शब्दांवर उभारला गेला, असे समजणे इतिहासाला धरून नाही. नायसियाच्या विश्वासाच्या कबुलीतही ‘सर्वसमर्थ’ हा शब्द पित्याला आणि ‘एक प्रभू’ हे शब्द येशूला लावलेले आहेत.

यानंतरचा मोठा टप्पा 1516 सालचा, आणि आजचा बराचसा गोंधळ तेथूनच येतो. बाझेल येथे छापखानदार फ्रोबेनसाठी विद्वान इरॅस्मसने ग्रीक नवा करार सिद्ध केला. प्रकटीकरणासाठी त्याच्या हाती एकच ग्रीक हस्तलिखित होते, तेही योहान रॉइखलिन या विद्वानाकडून उसने आणलेले. त्यात मूळ वचने आणि कैसरियाच्या आंद्रियाचे भाष्य अशी एकत्र मिसळलेली होती की भाष्य कोठे संपते आणि वचन कोठे सुरू होते हे काही ठिकाणी सहज कळत नव्हते. शिवाय शेवटचे पान गळालेले होते. ‘मी येशू’ असे वक्ता स्वतःचे नाव सांगतो ते 22:16 जेथे येते, त्याच सुमाराला हस्तलिखित तुटते. छपाईची घाई होती, तेव्हा इरॅस्मसने उरलेला भाग लॅटिनवरून स्वतः ग्रीकमध्ये उतरवला. त्यामुळे 22:19 मध्ये ग्रीक हस्तलिखितांतील जीवनाच्या ‘झाडा’ऐवजी जीवनाचे ‘पुस्तक’ आले, आणि 1611 च्या किंग जेम्स भाषांतरातही तेच राहिले. हे हस्तलिखित पुढे दृष्टीआड झाले, ते 1861 मध्ये अभ्यासक फ्रान्झ डेलिट्झ यांना पुन्हा सापडले.

याच छापील परंपरेत 1:11 मध्ये ‘मी अल्फा व ओमेगा, पहिला व शेवटला’ हे शब्द येशूच्या वाणीत येतात. सिनाईटिकस आणि अलेक्झांड्रिनस या जुन्या हस्तलिखितांत ते तेथे नाहीत, आणि 1881 च्या सुधारित इंग्रजी नव्या करारापासून ते गळले. 1811 साली श्रीरामपूरहून निघालेल्या मराठी नव्या कराराच्या काळी भाषांतरकारांच्या हाती इरॅस्मसच्याच घराण्यातला ग्रीक पाठ होता. आज नवापूरचा एखादा तरुण मोबाइलवर किंग जेम्स आणि एखादे अलीकडचे इंग्रजी भाषांतर शेजारी उघडतो, तेव्हा त्याला एकात हे वाक्य दिसते आणि दुसऱ्यात नाही, आणि कोणीतरी बायबलातून येशूचे देवत्व खोडले असा त्याचा समज होतो. तसे काही घडलेले नाही. ते शब्द उत्तरकालीन आहेत, आणि 1:11 हे पुरावा म्हणून पुढे करू नये, हे पाळकांनीच आधी सांगायला हवे.

मग उरते काय? माझ्या मते पुरेसे उरते. 1:8 मध्ये बोलणारा ‘प्रभू देव’ आहे आणि 21:22 मध्ये ‘सर्वसमर्थ’ आणि कोकरा (म्हणजे येशू) वेगळे उल्लेखलेले आहेत, त्यामुळे तर्तुलियनबद्दल आदर बाळगूनही हे वचन पित्याचे मानणे मला अधिक प्रामाणिक वाटते. परंतु 1:17-18 मध्ये ‘मी पहिला व शेवटला’ असे म्हणणारा लगेच ‘मी मेलो होतो, तरी पाहा, मी जिवंत आहे’ असे सांगतो, आणि 2:8 मध्ये स्मुर्णाच्या मंडळीला तेच पुन्हा ऐकवले जाते. मेलेला आणि उठलेला एकच आहे. येथे ‘पहिला व शेवटला’ याचा अर्थ केवळ पुनरुत्थानापुरता आहे, असे साक्षीदार म्हणतात. पण यशयाचे शब्द जसेच्या तसे उचलून त्यांचा अर्थ इतका आखडावा, असे त्या अध्यायात काहीच नाही. 22:13 मध्ये ‘अल्फा व ओमेगा’, ‘पहिला व शेवटला’, ‘आरंभ व शेवट’ या तिन्ही जोड्या एकत्र येतात, आणि त्याआधीच्या वचनात ‘मी लवकर येतो, प्रतिफळ माझ्याजवळ आहे’ असे बोलणारा कोण, हा खरा प्रश्न आहे. यशया 40:10 मध्ये प्रतिफळ घेऊन येणारा परमेश्वर आहे. प्रकटीकरण 2:23 मध्ये ज्याच्या त्याच्या कृतीप्रमाणे देणारा येशू आहे. आणि 22:20 मधील ‘मी लवकर येतो’ला ‘ये, प्रभू येशू’ असेच उत्तर मिळते. त्याच अध्यायात देवदूत योहानाला आपल्या पाया पडू देत नाही, तर पाचव्या अध्यायात सिंहासनावर बसलेल्याच्या बरोबरीने कोकऱ्याला आराधना मिळते.

वक्ता कोण हे ठरवताना छपाईही नकळत मत देते. जुन्या हस्तलिखितांत अवतरणचिन्हे नव्हती. ती संपादकांनी घातली. येशूचे शब्द लाल शाईत छापण्याची पद्धत तर 1899 मध्ये लुई क्लॉप्श यांनी अमेरिकेत सुरू केली. अशा इंग्रजी प्रतींत 1:8 कोठे लाल असते, कोठे काळे. अभ्यासाला बसलेल्या दोघांच्या प्रतींत असा फरक निघाला, तर तो प्रकाशकांच्या निर्णयातला फरक आहे, योहानाच्या लिखाणातला नव्हे.