साबणाचा साका आणि गिझरचा थर

उन्हाळ्यात ठाण्याच्या घोडबंदर रोडवरच्या सोसायट्यांत टँकर सुरू झाले की आमच्याकडे दोन गोष्टी हमखास होतात. साबणाला फेस येत नाही, उलट बादलीच्या कडेला पांढरट चिकट साका धरतो. आणि गिझरच्या कॉइलवर खडूसारखा थर चढतो. पाणी बोअरवेलचं असलं की बहुधा दुष्फेनच (जड), त्यात कॅल्शियम भरपूर.

दहावीच्या मुलांना अवक्षेप (द्रावणातून वेगळा होणारा, न विरघळणारा पदार्थ) आणि दुहेरी विस्थापन (दोन संयुगांनी आपापल्या घटकांची अदलाबदल करणं) एकच वाटतात, म्हणून त्यांना मी हेच दोन नमुने दाखवतो. अवक्षेप दोन्हींत आहे. दुहेरी विस्थापन फक्त साक्यात.

साबण म्हणजे मुख्यतः सोडियम स्टिअरेटसारखे क्षार. पाण्यातलं कॅल्शियम सोडियमची जागा घेतं, सोडियम कॅल्शियमच्या जोडीदाराकडे जातं. झाली अदलाबदल. कॅल्शियम स्टिअरेट पाण्यात विरघळत नाही, म्हणून साका. गिझरमध्ये मात्र अदलाबदल करायला दुसरं कोणी नाहीच. विरघळलेलं कॅल्शियम बायकार्बोनेट तापलं की एकटंच फुटतं: कॅल्शियम कार्बोनेट, पाणी, कार्बन डायऑक्साइड. हे अपघटन.

उलटही होतं. हायड्रोक्लोरिक आम्लात सोडियम हायड्रॉक्साइड घाला. आयन (विद्युतभारित कण) बदलले, मीठ आणि पाणी तयार झालं, पण चंचुपात्र काचेसारखं स्वच्छ. विस्थापन दुहेरी, अवक्षेप शून्य.

मग मुलं दोन्ही एकच का समजतात? कारण पाठ केलेलं उदाहरण दोन्हींत बसतं: सिल्व्हर नायट्रेट आणि मिठाचं द्रावण. लिटरभर पाण्यात मीठ सुमारे ३६० ग्रॅम विरघळतं, या दोघांतून तयार होणारं सिल्व्हर क्लोराइड जेमतेम २ मिलिग्रॅम. म्हणून पांढरा अवक्षेप लगेच दिसतो. खरं सांगायचं तर तिथेही सोडियम आणि नायट्रेट काहीच करत नाहीत, आधीही सुटे तरंगत होते, नंतरही तरंगतात. ‘दुहेरी’ हा कागदावरचा हिशेब. म्हणूनच मीठ आणि पोटॅशियम नायट्रेटची द्रावणं एकत्र केली, तर समीकरण झकास लिहिता येतं, भांड्यात काहीही घडत नाही. (पेपरात असं समीकरण लिहिणारे दरवर्षी भेटतात.)

एक प्रयोग घरी करून बघा. चुन्याच्या निवळीत स्ट्रॉने फुंका, ती दुधाळ होईल. हा कॅल्शियम कार्बोनेटचा अवक्षेप, पण अदलाबदल कुठेच नाही. तसंच फुंकत राहा. काही वेळाने निवळी पुन्हा नितळ होते, कारण आता तिच्यात कॅल्शियम बायकार्बोनेट आहे. म्हणजे घरीच टँकरचं पाणी तयार.