वाघ-बिबट्याने जनावर मारलं तर भरपाईचा अर्ज नेमका कुठे अडकतो

भरपाई मिळते हे आता गावोगावी माहितीये, तरी अर्ज नाकारले जातातच आणि कारणं तीच तीच. म्हणून फॉर्मपेक्षा माणूस कुठे फसतो तेच लिहितोय. हे महाराष्ट्रापुरतं आहे.

आधी पैशाचं. ऑगस्ट 2022 च्या जीआरप्रमाणे गाय, बैल, म्हैस मेली तर बाजारभावाच्या 75 टक्के किंवा 70 हजार, यातलं जे कमी ते. शेळी-मेंढीला 75 टक्के किंवा 15 हजार, तिथेही कमी तेच. लोकं नुसतं "70 हजार" ऐकून येतात, 40 हजाराच्या गाईचे 30 मिळाले की म्हणतात साहेबाने खाल्ले. (चालू दर वनखात्याच्या रेंज ऑफिसला विचारून घ्या, जीआर बदलत असतात.)

आता 48 तास. ही मुदत खबर द्यायची आहे आणि ती घटना घडल्यापासून मोजतात, तुम्हाला मेलेलं जनावर सापडलं तेव्हापासून नाही. त्यामुळे संध्याकाळी कळपात एक जनावर कमी दिसलं की त्याच रात्री वनरक्षकाला फोन करा, 1926 या वनखात्याच्या हेल्पलाइनवर पण करा, आणि सकाळी साध्या कागदावर लिहून रेंज ऑफिसला देऊन पोच घ्या. पोच म्हणजे सही-शिक्का-तारीख. पोलीस पाटलाला सांगितलं, सरपंचाला सांगितलं, हे तिथे कुणी धरत नाही.

जनावर मेलं तिथेच राहू द्या. पंचनामा होईपर्यंत ओढायचं नाही, पुरायचं नाही. मानेवरच्या दातांच्या खुणा, ओढत नेल्याची घसट, ओल्या मातीतला पंजा, यावरच ठरतं की मारलं कुणी. मोबाईलवर फोटो काढा, जवळून एक आणि मागचं झाड-बांध दिसेल असा लांबून एक. शेळ्या गावातल्या कुत्र्यांनी फाडल्या असतील तर भरपाई नाही, आणि खुणा पुसल्या गेल्या की बिबट्याने मारलेली शेळीसुद्धा कुत्र्याच्या खात्यावर जाते. अडचण खरी अशी की किंमत ठरवायला पशुधन विकास अधिकारी (सरकारी जनावरांचा डॉक्टर) लागतो, त्याच्याकडे ढीगभर गावं, तो येईपर्यंत उन्हात वास सुटतो, आणि वर शेतकऱ्यालाच ऐकवतात की जागेवर का नाही ठेवलं. डॉक्टरला फोन तुम्ही स्वतः पण लावा, खात्याने कळवलं असेल या भरवशावर बसू नका.

मालकीचा कागद तर कुणाकडेच नसतो. बाजारातून आणलेल्या बैलाची पावती कोण जपून ठेवतंय? कानातला बिल्ला असेल तर त्याचा नंबर द्या, नसेल तर ग्रामपंचायतीचा दाखला मागा. आधार, पासबुक नेहमीचंच, फक्त दोन्हीकडे नाव सारखं आहे का ते आधीच बघा. अभयारण्यात परवानगीशिवाय चरायला सोडलेलं असेल तर मात्र अवघड आहे.

आणि विष. रागाच्या भरात मेलेल्या जनावरावर कीटकनाशक टाकणारे आहेत, कारण वाघ मारलेलं खायला परत येतो हे सगळ्यांना माहिती असतं. 2019 ला चंद्रपूर जिल्ह्यात चिमूरकडे वाघीण आणि दोन बछडी अशीच गेली, जानेवारी 2020 ला गोव्यात सत्तरीच्या गोळावलीत चार वाघ. वाघ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्याला मारलं तर किमान 3 वर्षं कैद, 7 पर्यंत जाऊ शकते, दंड किमान 25 हजार. शिवाय भरपाईच्या अटीतच आहे की 10 किलोमीटरच्या परिसरात 6 दिवसांत कुठला वन्यप्राणी विषाने मेलेला नसावा. म्हणजे विष शेजाऱ्याने टाकलं तरी अर्ज तुमचा बुडतो, तेव्हा कुणी तसलं बोलताना ऐकलं तर तिथल्या तिथे अडवा.

हां, पैसे उशिरा आले की राग वाढतो आणि विषाची बाटली तिथूनच निघते, हे खात्यालाही कळायला पाहिजे. अर्ज नाकारला तर तोंडी ऐकून घरी येऊ नका, कारण लेखी मागा आणि तो कागद घेऊन उपवनसंरक्षकाकडे (रेंज ऑफिसच्या वरचा वनअधिकारी) जा.