दांडी की धारासणा? फोटो ५ मेच्या अलीकडचा की पलीकडचा

१२ जानेवारी जवळ आली की सोलापुरात चार हुतात्म्यांच्या आठवणी निघतात. आमच्या पेठेत यंदा एक छोटं प्रदर्शन ठरलं आणि फोटोंखालच्या ओळी तपासायचं काम माझ्याकडे आलं. मिठाच्या सत्याग्रहाचे सात-आठ फोटो होते, आणि सगळ्यांखाली एकच ओळ: ‘दांडी यात्रा, १९३०’. त्यातल्या एका फोटोत गांधीजी कुठेच नव्हते. काटेरी तारेचं कुंपण, पांढऱ्या टोप्या घातलेली माणसं आणि त्यांच्यासमोर लाठ्या घेतलेले पोलीस. हा फोटो दांडीचा असूच शकत नाही. का, ते जरा सविस्तर सांगते, कारण ही गफलत फार जणांची होते.

दांडी म्हणजे आधी चालणं. १२ मार्च १९३० ला साबरमती आश्रमातून पदयात्रा निघाली आणि सुमारे ३८५ किलोमीटर चालून ५ एप्रिलला समुद्रकाठच्या दांडी गावात पोचली. सोबत निवडलेले ७८ सत्याग्रही होते, त्यांत एकही स्त्री नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी गांधीजींनी मीठ उचललं. ६ एप्रिल ही तारीख मुद्दाम धरलेली होती. १९१९ साली रौलट कायद्याविरुद्ध देशभर हरताळ झाला तो याच दिवशी. आणि सरकारने काय केलं? काहीच नाही. ६० वर्षांच्या म्हाताऱ्याला चिमूटभर मिठासाठी पकडलं तर देश पेटेल, ही भीती होती. म्हणून दांडीच्या फोटोंत काठी आहे, धूळ आहे, गर्दी आहे, पण लाठीमार नाही. त्या फोटोंमधली शांतता सरकारच्या हिशेबातून आलेली आहे, हे लक्षात घेतलं नाही तर इंग्रज फार सोशिक होते असा समज होतो.

या काळातला एक फोटो विशेष फसवतो. सरोजिनी नायडू गांधीजींच्या बरोबरीने चालताहेत. तो पाहून त्या साबरमतीपासून चालत आल्या असं वाटतं. त्या ७८ जणांत नव्हत्या, दांडीला येऊन मिळाल्या होत्या. वाकून मीठ उचलणाऱ्या गांधीजींच्या प्रसिद्ध फोटोखालीही दोन वेगवेगळ्या ओळी छापलेल्या सापडतात: कुठे ‘दांडी, ६ एप्रिल’, तर कुठे ‘भीमराड, ९ एप्रिल’. अशा वेळी मी सरळ ‘गुजरातचा किनारा, एप्रिल १९३०’ एवढंच लिहिते. खात्रीची छोटी ओळ मला बिनखात्रीच्या नेमक्या तारखेपेक्षा जास्त प्रामाणिक वाटते.

आता मधली तारीख. दांडीजवळच्या कराडी गावात गांधीजी झोपडीत राहत होते. धारासणाच्या सरकारी मिठागरावर चाल करून जाण्याचा बेत त्यांनी व्हाइसरॉयला कळवायचं ठरवलं होतं. त्याआधीच, ४ मेच्या मध्यरात्रीनंतर, म्हणजे ५ मेच्या पहाटेपूर्वी, पोलिसांनी त्यांना झोपेतून उठवून पकडलं. १८२७ सालच्या एका जुन्या रेग्युलेशनचा आधार घेतला, खटला चालवलाच नाही, आणि थेट येरवड्याला नेलं. तेव्हा फोटो हातात आला की मी पहिला प्रश्न हाच विचारते: हा ५ मेच्या अलीकडचा की पलीकडचा? मिठाच्या सत्याग्रहाच्या फोटोत गांधीजी मोकळे दिसत असतील तर तो अलीकडचा. धारासणाच्या फोटोत ते दिसणं शक्यच नाही.

धारासणा दांडीच्या दक्षिणेला, वलसाडजवळ. तिथलं नेतृत्व आधी ७६ वर्षांच्या अब्बास तय्यबजींकडे गेलं. त्यांना १२ मेला अटक झाली. मग सरोजिनीबाई पुढे आल्या. २१ मेला सुमारे अडीच हजार सत्याग्रही जमले. दांडीला मीठ वाळूवर पडलेलं होतं, कुणीही वाकून उचलावं. इथे ते सरकारच्या ताब्यातल्या ढिगांत होतं, भोवती तारेचं कुंपण आणि चर. रांगेने माणसं पुढे जात, लाठ्या डोक्यावर बसत, आणि वार चुकवायला कुणी हातसुद्धा वर करत नसे. एक रांग पडली की दुसरी निघे. स्ट्रेचर पुरेनात, तेव्हा जखमींना घोंगड्यांत घालून उचललं. अमेरिकन बातमीदार वेब मिलर तिथे हजर होता. त्याने तात्पुरत्या दवाखान्यात ३२० जखमी मोजले. दोघांचा मृत्यू झाला. त्याच्या तारा आधी अडवल्या गेल्या, पण शेवटी बातमी बाहेर पडली आणि जगभरच्या वर्तमानपत्रांत छापून आली.

दांडी जगाने पाहिली आणि धारासणा जगाने वाचलं, असं मला वाटतं. म्हणूनच धारासणाचं जे चित्र आपल्या डोक्यात असतं ते बरंचसं शब्दांतून आणि पुढे पडद्यावर पाहिलेल्या दृश्यांतून आलेलं आहे. त्यात भर म्हणजे त्याच दिवसांत मुंबईत वडाळ्याच्या मिठागरांवरही मोठे जमाव गेले होते. त्यामुळे कुंपण आणि लाठी दिसली की लगेच ‘धारासणा’ लिहून मोकळं होणंही बरं नाही.

आणि या दोहोंच्या मध्ये आपलं सोलापूर आहे. गांधीजींच्या अटकेची बातमी आली तसा गिरण्यांचा हा गाव रस्त्यावर उतरला. ८ मेला शिंदीची झाडं तोडण्यावरून अटका झाल्या, लोक सुटका मागायला जमले आणि गोळीबार झाला. शंकर शिवदारे त्यात गेले. जमाव खवळला, मंगळवार पेठेच्या चौकीतले दोन पोलीस मारले गेले, कोर्टाला आग लागली. पुढचे काही दिवस शहरावर सरकारचा अंमल उरलाच नाही. १२ मेला, म्हणजे तय्यबजींना पकडलं त्याच दिवशी, इथे मार्शल लॉ पुकारला गेला. तो ३० जूनपर्यंत होता. म्हणजे धारासणाला लाठ्या बसत होत्या तेव्हा सोलापूर लष्कराच्या ताब्यात होतं.

इथेही तशीच एक गफलत होते. चौकातल्या पुतळ्यांकडे बघून पुष्कळ पोरांना वाटतं की चौघे गोळीबारातच गेले. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन यांना त्या दोन पोलिसांच्या खुनाचा आरोप ठेवून फाशी दिलं, १२ जानेवारी १९३१ ला, येरवड्यात. गोळीबाराला तेव्हा आठ महिने उलटले होते.

प्रदर्शनातल्या ओळी मी बदलल्या. कुंपणाच्या फोटोखाली आता ‘मिठागरावरील सत्याग्रह, मे-जून १९३०, गांधीजी या वेळी येरवडा तुरुंगात’ असं आहे. चार हुतात्म्यांच्या फोटोंखाली तारखेपुढे आणखी एक ओळ घातली: ‘याच तुरुंगात त्या दिवशी गांधीजीही होते. त्यांची सुटका २६ जानेवारीला झाली.’ मांडणी करणारा पोरगा ती ओळ चिकटवताना थांबला, दोन्ही तारखा बोटांवर मोजल्या आणि म्हणाला, ‘ताई, चौदा दिवस.’