शेतीविषयक दबावगट आणि स्थानिक राजकारण

शेती, पाणी, जमीन, बाजार आणि ग्रामीण सोयी यांविषयीचे निर्णय आपल्या बाजूने व्हावेत म्हणून शेतकरी संघटना, उत्पादक संघ, सहकारी संस्था, जमीनमालक, व्यापारी, बियाणे-खतांसारख्या निविष्ठा पुरवणाऱ्या कंपन्या आणि पर्यावरणवादी गट स्थानिक लोकप्रतिनिधींवर संघटितपणे प्रभाव टाकतात. राजकीय पक्ष सत्ता मागतो आणि दबावगट निर्णय मागतो, असा भेद राज्यशास्त्रात केला जातो. ग्रामीण भागात ही रेघ पुसट असते, कारण निवेदन देणारा आणि निवेदन घेणारा पुष्कळदा एकाच संस्थेचे सभासद असतात.

हमीभाव, आयात-निर्यात, अनुदाने यांची धोरणे देशाच्या राजधानीत ठरतात. पण शेतजमीन बिगरशेती करायला परवानगी मिळणार का, रस्ता कुणाच्या शिवारातून जाणार, कालव्याच्या शेवटच्या टोकाला पाणी कधी पोचणार, बाजार कुठे भरणार, मोठ्या पशुपालन शेडना जागा कुठे द्यायची, हे पुष्कळ ठिकाणी स्थानिक किंवा प्रांतिक पातळीवर ठरते. भारतात शेती हा राज्यसूचीतला विषय आहे. ७३व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवता येतील असे २९ विषय असून त्यांत पहिले नाव शेतीचे आहे. त्यामुळे एखाद्या गटाला राजधानीत जे मिळत नाही, ते जिल्ह्यात मिळू शकते आणि तिथे मिळालेले जिल्ह्यात अडूही शकते.

या प्रभावाची सर्वात बोलकी कहाणी अमेरिकेतल्या फार्म ब्यूरो या शेतकरी संघटनेची आहे. १९११ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या ब्रूम काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा घटक) शेतकऱ्यांना सुधारित शेती शिकवण्यासाठी एक सल्लागार नेमला गेला. त्यामागे स्थानिक व्यापारी मंडळ, एक रेल्वे कंपनी आणि केंद्रीय कृषी खाते होते. १९१४ च्या स्मिथ-लीव्हर कायद्याने असे सल्लागार देशभर नेमण्यासाठी केंद्राचा पैसा येऊ लागला, पण राज्याने आणि काउंटीनेही आपला वाटा उचलायचा होता. काउंटीच्या कारभाऱ्यांकडून दरवर्षी ती रक्कम मंजूर करून घ्यायला गावोगावी शेतकऱ्यांचे ब्यूरो उभे राहिले. १९१९ मध्ये त्यांचा राष्ट्रीय महासंघ झाला आणि सरकारी विस्तारसेवेच्या, म्हणजे या सल्लागारांच्या यंत्रणेच्या, आधाराने वाढलेली ही संघटना त्याच सरकारवर दबाव आणणारी बलाढ्य शक्ती बनली. विस्तारसेवा आणि ब्यूरो यांचे अधिकृत नाते तोडायला १९५४ साल उजाडावे लागले. सरकारी योजना राबवणारी यंत्रणा आणि सरकारकडे मागणी करणारी संघटना एकमेकींत मिसळल्या की काय होते, हे समजून घ्यायला याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण आहे.

अर्थतज्ज्ञ मॅन्सर ऑल्सन यांनी १९६५ मध्ये अशा संघटनांविषयी एक मूलभूत प्रश्न मांडला. भाव वाढला तर तो वर्गणी न भरणाऱ्यालाही मिळतो, मग कोणी सभासद का व्हावे? त्यांच्या मते फक्त सभासदांनाच मिळणाऱ्या सेवा, उदाहरणार्थ विमा किंवा तांत्रिक सल्ला, संघटना टिकवतात, आणि फार्म ब्यूरोच्या वाढीचे स्पष्टीकरणही त्यांनी असेच दिले. थोडे आणि मोठे उत्पादक लवकर एकत्र येतात, विखुरलेले असंख्य लहान शेतकरी मागे राहतात, हेही याच विचारातून निघते.

दुसऱ्याची जमीन खंडाने कसणारे, शेतमजूर आणि स्वतःच्या नावावर सातबारा नसलेल्या स्त्रिया तर बहुतेक वेळा चर्चेच्या खोलीपर्यंत पोचतच नाहीत. ‘शेतकऱ्यांची मागणी’ म्हणून पुढे येणाऱ्या मागणीत त्यांचा आवाज कितपत आहे, हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारायला हवा. महाराष्ट्राच्या बाजार समित्यांवर शेतकरी व व्यापारी यांच्याबरोबर हमाल-मापाड्यांनाही प्रतिनिधित्व असते. ते तुटपुंजे असले तरी महत्त्वाचे आहे, कारण ही जागा मिनतवारी करून मिळवावी लागत नाही, कायद्यानेच राखलेली असते.

फ्रान्समध्येही संघटनांना अशी कायदेशीर जागा आहे. शेतजमिनीच्या विक्रीवर नजर ठेवणाऱ्या आणि काही व्यवहारांत आधी खरेदीचा हक्क असणाऱ्या सफेर संस्था १९६० च्या कायद्याने निघाल्या. त्यांच्या कारभारात शेतकरी संघटना बसतात, त्यामुळे कुठली जमीन कोणत्या शेतकऱ्याकडे जावी यात त्यांचे मत थेट चालते.

विनंती पुरली नाही की रस्ता उरतो. रास्ता रोको, दूध ओतणे, ट्रॅक्टर मोर्चे ही साधने सगळीकडे दिसतात. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने १९८० च्या सुमारास कांदा आणि उसाच्या भावासाठी रस्ते अडवले, तेव्हा पक्षांच्या पलीकडचा शेतकरी मोठ्या संख्येने उभा राहिला. नेदरलँड्समध्ये नायट्रोजन प्रदूषण कमी करण्याच्या योजनेला शेतकऱ्यांनी केलेल्या विरोधाने पुढे निवडणुकीचे रूप घेतले. ही योजना प्रांतांनी राबवायची होती. २०१९ मध्ये स्थापन झालेल्या बीबीबी या शेतकरी-नागरिक पक्षाने मार्च २०२३ च्या प्रांतिक निवडणुकांत मोठी मुसंडी मारली आणि प्रांतिक सदस्यांनी निवडलेल्या ७५ जणांच्या वरिष्ठ सभागृहात १६ जागा घेतल्या.

स्थानिक पातळीवर हार दिसू लागली, तर सबळ गट निर्णयच वरच्या पातळीवर नेतात. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात मोठ्या वराहपालन शेडच्या दुर्गंधीला आणि सांडपाण्याला कंटाळलेल्या काउंटींनी स्वतःचे नियम करायला घेतले. १९९८ मध्ये राज्याच्या कायद्याने पशुपालनाविषयी असे नियम करण्याची काउंटींना मनाई केली. शेजारच्या गावकऱ्यांची आपल्या काउंटीतली ताकद त्यामुळे निकामी झाली.

या व्यवहारावर कायद्याचे लक्ष फार थोड्या ठिकाणी आहे, आणि असलेल्या बहुतेक नियमांचा रोख राष्ट्रीय संसदेकडे असतो. आयर्लंड हा ठळक अपवाद. तिथल्या २०१५ च्या कायद्याने स्थानिक नगरसेवकांशी केलेले लॉबिंगही (निर्णय आपल्या बाजूने व्हावा म्हणून साधलेला संपर्क) सार्वजनिक नोंदवहीत येते. जमिनीचा विकास आणि झोनिंग (कोणती जमीन कशासाठी वापरायची हे ठरवणे) या विषयांवर तर, स्वतःच्या राहत्या घराची बाब वगळता, एकट्या व्यक्तीचा संवादही या कायद्याच्या कक्षेत धरला आहे. जमिनीचा वापर बदलला की तिची किंमत बदलते, आणि स्थानिक राजकारणातला सर्वात मोठा पैसा इथेच असतो, हे ओळखूनच ही तरतूद झालेली दिसते. भारतात लॉबिंगसाठी स्वतंत्र कायदा नाही. शिष्टमंडळ कोणाचे होते आणि बंद दाराआड काय मागितले गेले, हे नागरिकाला कळण्याचा मार्ग बहुधा माहितीच्या अधिकारातील अर्ज किंवा स्थानिक बातमीदार हाच असतो.