लंडन–पॅरिस: ३४४ किलोमीटर, सव्वा तास आणि चाकाखालचे ठोकळे

लंडन ते पॅरिस सरळ रेषेत अंतर सुमारे ३४४ किलोमीटर. विमान हवेत असतं जेमतेम पाऊण तास, तिकिटावर मात्र सव्वा तास, कधी एक तास वीस मिनिटं छापलेली असतात. मधली मिनिटं कुठून आली?

२५ ऑगस्ट १९१९ला लंडनजवळच्या हाउन्स्लोच्या मैदानावरून पॅरिसजवळच्या ल बुर्जेला पहिलं रोजचं विमान निघालं. आत एक प्रवासी, वर्तमानपत्रं, चामडं, सायीच्या बरण्या आणि शिकार केलेले पक्षी. पोहोचायला अडीच तास लागले. वैमानिक खालचे रस्ते, रूळ बघत जायचे. ७ एप्रिल १९२२ला धुक्यात याच मार्गावर दोन विमानं समोरासमोर धडकली, सात जण गेले. पुढे जेट आली, वेळ घटला.

खरा घोळ 'उड्डाणाचा वेळ' या शब्दात आहे. आपल्याला वाटतं, चाकं धावपट्टी सोडतात तिथून पुन्हा टेकेपर्यंत. नियमांत तसं नाही. उड्डाणासाठी विमान जागचं हललं की वेळ सुरू, पलीकडे जाऊन थांबलं की बंद. उभ्या विमानाच्या चाकांपुढे-मागे ठोकळे लावतात. ते काढल्यापासून पुन्हा लावेपर्यंतचा वेळ, म्हणून याला 'ब्लॉक टाइम' म्हणतात. वैमानिकाच्या नोंदवहीत हाच वेळ चढतो, वेळापत्रकही यावरच बेततात. लंडनच्या हिथ्रो विमानतळावर धावपट्टीसाठी वीस मिनिटं रांगेत काढली तर तीही यात आली. परतताना लंडनवर जागा नसेल तर विमान ठरलेल्या चारपैकी एका ठिकाणी गिरक्या घेत थांबतं; तीही मिनिटं यातच.

इथवर ठीक. पण उशीर मोजतात तोही छापील वेळेवरून, आणि पंधरा मिनिटांच्या आतला उशीर 'वेळेवर' धरतात. मग छापील वेळच थोडा सैल ठेवला की काम झालं. गेल्या काही दशकांत कंपन्यांनी हे सर्रास केलं. त्यांचं म्हणणं, आकाश नि विमानतळ दोन्ही तुंबलेत, खरा लागणारा वेळच आम्ही छापतो. ते खोटं नाही. पण विमान लवकर उतरलं की 'नियोजित वेळेआधी पोहोचलो' असं कौतुकाने सांगतात, ते ऐकून हसू येतं.

१९९४मध्ये दोन्ही शहरांमध्ये समुद्राखालच्या बोगद्यातून रेल्वे सुरू झाली. आधी तीन तास, २००७पासून सव्वादोन. पण हे एका शहराच्या पोटातून दुसऱ्याच्या पोटात. विमानाच्या सव्वा तासात विमानतळ गाठणं, तपासणी, बॅगा काहीच धरलेलं नाही.

घड्याळाचा गुंता वेगळाच. १९११पासून दोन्ही शहरांची प्रमाणवेळ एकच होती. १९४०मध्ये जर्मन फौजा आल्या, पॅरिसची घड्याळं बर्लिनच्या वेळेला, म्हणजे लंडनच्या प्रमाणवेळेपेक्षा तासभर पुढे लागली, आणि युद्धानंतर तो फरक मिटवायचा राहूनच गेला. १९६८ ते १९७१ ब्रिटनने घड्याळं वर्षभर तासभर पुढे ठेवून पाहिली, तेवढ्यापुरता फरक मिटला. आज पॅरिसहून नऊला निघालेलं विमान छापील वेळेनुसार लंडनला सव्वानऊला पोहोचतं. लंडनहून नऊला निघालेलं पॅरिसला सव्वाअकराला.