चाहूल आणि ठावठिकाणा: गॅमा किरण स्फोटाचा ‘शोध लागतो’ म्हणजे नेमके काय होते?

९ ऑक्टोबर २०२२ रोजी कोजागरी पौर्णिमा होती. त्या रविवारी संध्याकाळी नाशिकमध्ये गच्च्यांवर दूध आटवण्याची तयारी सुरू होत असताना, ६ वाजून ४७ मिनिटांनी, शहराच्या जवळजवळ माथ्यावरून गॅमा किरणांचा, म्हणजे सर्वाधिक ऊर्जेच्या प्रकाशाचा, एक प्रचंड लोट पृथ्वीवर आला. अवकाशातून अचानक येणाऱ्या अशा क्षणिक लोटांना गॅमा किरण स्फोट म्हणतात, आणि आजवर नोंदल्या गेलेल्या स्फोटांमध्ये तो सर्वांत तेजस्वी होता. स्फोटाचे आकाशातील निर्देशांक आणि नाशिकचे अक्षांश-रेखांश घेऊन मी हिशेब करून पाहिला, तेव्हा त्या क्षणी त्याची दिशा आपल्या खस्वस्तिकापासून, म्हणजे डोक्यावरच्या बिंदूपासून, तीन अंशांच्या आत होती असे दिसले. अर्थात गच्चीवरच्या कोणालाही काही जाणवले नाही, कारण गॅमा किरण वातावरणाच्या वरच्या थरांतच शोषले जातात. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या फर्मी या उपग्रहाला मात्र ते त्याच क्षणी कळले. स्फोटाची नेमकी जागा दाखवली ती स्विफ्ट या दुसऱ्या उपग्रहाने, सुमारे ५३ मिनिटांनंतर. आणि आपण दाखवतो आहोत ती जागा त्याच स्फोटाची आहे, हे तेव्हा कोणाच्याच लक्षात आले नव्हते.

या ५३ मिनिटांच्या अंतरात दडलेला फरक हाच या लेखाचा विषय आहे. मराठीत आपण ‘शोध लागला’ हा शब्दप्रयोग दोन अर्थांनी करतो. नव्या ग्रहाचा शोध लागतो, म्हणजे तो आहे हे कळते. सिंहस्थाच्या गर्दीत रामकुंडावर हरवलेल्या मुलाचा शोध लागतो, म्हणजे ते कुठे आहे हे कळते. एरवी संदर्भावरून अर्थ आपोआप उलगडतो, पण गॅमा किरण स्फोटांच्या बातम्यांमध्ये हे दोन्ही अर्थ एकाच वाक्यात मिसळतात आणि वाचकाची समजूत अशी होते की उपग्रहाने स्फोट ‘शोधला’ म्हणजे त्याला तो दिसला आणि त्याची जागाही सापडली. प्रत्यक्षात ही दोन कामे निराळी आहेत, बहुधा निराळी उपकरणे ती करतात, आणि एका कामासाठी जे गुण लागतात ते दुसऱ्याला अनेकदा अडचणीचे ठरतात. म्हणून पहिल्याला चाहूल आणि दुसऱ्याला ठावठिकाणा असे म्हणणे मला अधिक नेमके वाटते.

चाहूल लागते ती मोजणीतून. उपग्रहावरील स्फटिकांवर गॅमा किरणांचे कण सतत येऊन आदळत असतात, आणि ही नेहमीची वर्दळ किती असते हे उपकरणाला ठाऊक असते. सेकंदाच्या काही अंशात किंवा काही सेकंदांत ही संख्या अपेक्षेपेक्षा एकदम चढली, की उपकरण स्वतःच ‘काहीतरी घडले’ अशी नोंद करते. या कामाला तीक्ष्ण नजर लागत नाही. शक्य तितके मोठे आकाश एकाच वेळी पाहता येणे महत्त्वाचे असते, कारण पुढचा स्फोट कोणत्या दिशेला आणि केव्हा होईल हे कोणालाच सांगता येत नाही. २००८ मध्ये सोडलेल्या फर्मी उपग्रहावर याच हेतूने निरनिराळ्या दिशांना तोंड केलेले १४ शोधक, म्हणजे असे स्फटिक असलेली उपकरणे, बसवले आहेत. पृथ्वीआड गेलेला भाग सोडला तर उरलेले सर्व आकाश त्यांच्या टप्प्यात असते आणि वर्षाला सुमारे २४० स्फोटांची चाहूल त्यांना लागते. चाहूल खरी की खोटी हे ठरवणे हाही याच कामाचा भाग आहे. सौरज्वाला, पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात अडकलेले विद्युतभारित कण, इतकेच नव्हे तर आपल्या वादळी ढगांतून निघणारे गॅमा किरणांचे क्षणिक झोत, हे सारे मोजणीचा आकडा तसाच वर चढवतात.

या स्फोटांची नावेही चाहुलीवरून पडतात, ठिकाणावरून नाही. कोजागरीच्या त्या स्फोटाचे नाव जीआरबी २२१००९ए असे आहे. जीआरबी हे ‘गॅमा-रे बर्स्ट’चे लघुरूप, आणि पुढे वर्ष, महिना, दिवस आणि त्या दिवसातला क्रम एवढेच आहे. तो आकाशात कुठे झाला याचा नावात मागमूसही नाही. शेकडो स्फोट असे आहेत की त्यांना नाव मिळाले, पण नेमकी जागा कधीच मिळाली नाही.

ठावठिकाण्याची गोष्ट अधिक अवघड आहे, आणि ती समजून घेण्यासाठी नारोशंकराची घंटा उपयोगी पडते. घंटेचा टोल पडला आणि दोन माणसांपैकी एक जण घंटेपासून अर्धा किलोमीटर अधिक लांब उभा असेल, तर त्याला तो सुमारे दीड सेकंद उशिरा ऐकू येईल. दोघांनी आपापल्या घड्याळातील वेळा जुळवल्या तर आवाज कोणत्या बाजूने आला असावा याचा अंदाज घंटा न पाहताही बांधता येतो. अमेरिकेच्या वेला उपग्रहांनी नेमके हेच केले. अण्वस्त्र चाचणीबंदीचा करार पाळला जातो की नाही हे पाहण्यासाठी १९६३ पासून सोडलेल्या या उपग्रहांना २ जुलै १९६७ रोजी गॅमा किरणांचा असा एक स्फोट जाणवला, जो अणुचाचणीसारखा मुळीच नव्हता. हे उपग्रह एकमेकांपासून दोन लाख किलोमीटरहूनही अधिक दूर असू शकत, त्यामुळे प्रकाशाच्या वेगाने येणाऱ्या किरणांनाही एकापासून दुसऱ्यापर्यंत पोचायला पाऊण सेकंदापर्यंत वेळ लागे. पुढे १९६९ ते १९७२ या काळातील १६ स्फोटांच्या वेळांतील फरक तपासून शास्त्रज्ञ रे क्लेबेसाडेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केले की हे किरण पृथ्वीवरूनही येत नाहीत आणि सूर्यावरूनही येत नाहीत.

चाहूल लागली होती, आणि ‘कुठून नाही’ हे कळले होते. ‘कुठून’ हे कळले नव्हते. दोन उपग्रहांच्या वेळांतील फरकातून एक बिंदू मिळत नाही, आकाशावर एक वर्तुळ मिळते आणि स्फोट त्या वर्तुळाच्या परिघावर कुठेही असू शकतो. तिसरा उपग्रह आला की वर्तुळे दोन ठिकाणी छेदतात, आणि चौथा असेल तर त्या दोनांतले एक निवडता येते. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात सूर्य आणि शुक्र यांच्याकडे गेलेल्या यानांवरही शोधक बसवले गेले, तेव्हा वेळेतील फरक सेकंदांऐवजी मिनिटांचा झाला आणि ठिकाण पुष्कळच बारीक ठरू लागले. पण दूरच्या यानाकडून नोंदी येऊन हिशेब होईपर्यंत दिवस उलटून जात, आणि स्फोटाच्या मागे राहिलेली मंद प्रभा तोवर विझलेली असे. माझ्या मते या विषयातली खरी अडचण इथेच आहे, कारण जागा अचूक मिळणे जितके आवश्यक आहे तितकेच ती वेळेत मिळणेही आवश्यक आहे.

१९९१ मध्ये कॉम्प्टन या अवकाशातील वेधशाळेबरोबर गेलेल्या बॅट्सी या उपकरणाने दुसरी वाट धरली. होळीसमोर तिरके उभे राहिले की एका गालाला अधिक धग लागते आणि डोळे मिटलेले असले तरी आग कोणत्या बाजूला आहे हे कळते. बॅट्सीच्या आठ शोधकांपैकी कोणाला किती किरण मिळाले याची तुलना करून दिशा ठरवली जाई. ती लगेच मिळे, पण तिच्यात काही अंशांची चूक राही. फर्मीचीही पद्धत हीच आहे. पाच अंश त्रिज्येचे वर्तुळ म्हटले की ऐकायला लहान वाटते, परंतु त्यात सुमारे ४०० पूर्णचंद्र शेजारी शेजारी मावतील आणि त्या क्षेत्रात असंख्य तारे आणि आकाशगंगा असतात. बॅट्सीने २,७०४ स्फोट नोंदवले आणि ते आकाशात सगळीकडे सारखे पसरले आहेत हे दाखवून दिले, तरीही ते आपल्या आकाशगंगेच्या परिसरात होतात की अब्जावधी प्रकाशवर्षे दूर, यावर १९९५ मध्ये वॉशिंग्टनला खगोलशास्त्रज्ञांचा जाहीर वादविवाद झाला. हजारो चाहुली हाती असूनही तो वाद मिटला नाही.

तो मिटला एका ठावठिकाण्यामुळे. २८ फेब्रुवारी १९९७ रोजी इटली आणि नेदरलँड्स यांच्या बेपोसॅक्स उपग्रहाने स्फोटानंतर काही तासांतच आपली क्ष-किरण दुर्बीण त्या दिशेला वळवली आणि तिथे विझत चाललेली क्ष-किरणांची प्रभा टिपली. या मागे उरणाऱ्या प्रभेला पश्चदीप्ती म्हणतात. जागा इतकी बारीक मिळाल्यामुळे जमिनीवरच्या दुर्बिणींना तिचा दृश्य प्रकाशही सापडला. त्याच वर्षी मे महिन्यातील दुसऱ्या स्फोटाच्या पश्चदीप्तीचा वर्णपट (प्रकाश त्याच्या रंगांत विभागून मिळणारा पट्टा) हवाई बेटांवरील केक दुर्बिणीने घेतला, आणि तो स्फोट अब्जावधी प्रकाशवर्षे दूर झाल्याचे सिद्ध झाले. इथे एक गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे की ठावठिकाणा म्हणजे आधी फक्त दिशा. अंतर वर्णपटातून मिळते, आणि वर्णपट घ्यायचा तर दुर्बिणीची चिंचोळी फट नेमकी त्या ठिपक्यावर पडावी लागते.

गॅमा किरण भिंगाने एकवटता येत नाहीत, मग त्यांची दिशा बारीक ठरवायची कशी? २००४ मध्ये सोडलेल्या स्विफ्टने यासाठी सावलीचा आधार घेतला. जुन्या नाशकातील वाड्याच्या जाळीदार खिडकीतून आलेले ऊन जमिनीवर नक्षी उमटवते, आणि सूर्य सरकला की नक्षीही सरकते. नक्षी कुठे पडली हे पाहून सूर्य कुठे आहे हे सांगता येते. स्विफ्टच्या शोधकावर सुमारे ५२,००० शिशाच्या बारीक चकत्यांची अशीच जाळी आहे, फक्त तिची नक्षी मुद्दाम अनियमित ठेवली आहे, म्हणजे प्रत्येक दिशेची सावली वेगळी पडते आणि दोन दिशांची गल्लत होत नाही. या सावलीवरून काही कलांइतकी अचूक दिशा सेकंदांत मिळते (एक अंश म्हणजे ६० कला, एक कला म्हणजे ६० विकला, आणि पूर्णचंद्र ३० कलांचा), मग उपग्रह कोणाच्या आज्ञेची वाट न पाहता मिनिटाभरात स्वतः तिकडे वळतो आणि त्याची क्ष-किरण दुर्बीण ही चूक काही विकलांवर आणते. या अचूकतेची किंमत अशी की जाळीखालचा शोधक एका वेळी आकाशाचा लहान भागच पाहू शकतो, म्हणून फर्मीच्या २४० च्या तुलनेत स्विफ्टचे स्फोट वर्षाला शंभराच्या आसपासच राहतात. चाहूल हे कानाचे काम आहे आणि ठावठिकाणा हे डोळ्याचे, असे म्हटले तर स्विफ्टमध्ये दोन्ही आहेत, पण त्याचा कान फर्मीइतका मोठा नाही.

जमिनीवरच्या स्वयंचलित दुर्बिणी या साखळीचे पुढचे टोक आहेत, आणि त्यांच्याबद्दलही एक गैरसमज आढळतो. घरी बसून संगणकावरून चालवली जाणारी दुर्बीण स्वयंचलित नसते. स्वयंचलित दुर्बिणीला उपग्रहाचा संदेश थेट मिळतो, आणि चालू निरीक्षण सोडून तिकडे वळायचे की नाही हे तिची आज्ञावलीच ठरवते. अशी घाई लागते कारण पश्चदीप्ती ढोबळमानाने वेळेच्या व्यस्त प्रमाणात मंदावते: पहिल्या मिनिटाला जितकी असेल, तिच्या साठाव्या हिश्शाइतकी ती तासाभराने उरते. २३ जानेवारी १९९९ रोजी अमेरिकेतील रोटसी-१ या चार कॅमेरा-भिंगांच्या लहानशा स्वयंचलित दुर्बिणीने बॅट्सीचा संदेश मिळताच, स्फोट सुरू झाल्यापासून अवघ्या २२ सेकंदांत, पहिले छायाचित्र घेतले आणि सुमारे नवव्या प्रतीपर्यंत (प्रत हे तेजस्वितेचे माप) उजळलेला प्रकाश टिपला. नववी प्रत म्हणजे आपल्याकडे अंधाऱ्या जागी साध्या द्विनेत्रीतून दिसण्याजोगी! बॅट्सीची अंशांची चूक तिला नडली नाही, कारण तिच्या भिंगांचे दृष्टिक्षेत्रच कित्येक अंशांचे होते. मोठी दुर्बीण अशा वेळी उपयोगी पडत नाही, तिचे क्षेत्र फार लहान असते.

भारताचा वाटा याच दोन कामांत विभागलेला आहे. २०१५ पासून फिरणाऱ्या अ‍ॅस्ट्रोसॅट या भारतीय उपग्रहावरील सीझेडटीआय या उपकरणाला सहाशेहून अधिक स्फोटांची चाहूल लागली आहे. ठिकाणासाठी मात्र बहुधा इतरांचीच मदत घ्यावी लागते. लडाखमध्ये हानले येथे सुमारे साडेचार हजार मीटर उंचीवर असलेली ग्रोथ-इंडिया ही ७० सेंटिमीटरची स्वयंचलित दुर्बीण पश्चदीप्ती शोधते आणि तिचा पाठपुरावा करते. आणि नाशिक-पुणे रस्त्याने जाताना नारायणगावजवळ ज्या खोडदला आपण वळू शकतो, तिथल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्यांनी २००३ मधील एका प्रसिद्ध स्फोटाच्या पश्चदीप्तीच्या रेडिओलहरी टिपल्या होत्या. दृश्य प्रकाश विझल्यावरही या लहरी दीर्घकाळ येत राहतात, त्यामुळे तिथे धावपळीपेक्षा चिकाटी अधिक लागते.

चाहुलीशिवाय ठिकाण सापडणेही अशक्य नाही. आकाशाची वारंवार छायाचित्रे घेणाऱ्या सर्वेक्षणांत कधीकधी अशी विझणारी ज्योत दिसते, जिच्या आधी कोणत्याच उपग्रहाला गॅमा किरणांची नोंद मिळालेली नसते. तिला अनाथ पश्चदीप्ती म्हणतात.

कोजागरीच्या संध्याकाळी घडले ते याच्याच जवळ जाणारे होते. फर्मीने ६ वाजून ४७ मिनिटांनी चाहूल घेतली तेव्हा ती दिशा स्विफ्टच्या टप्प्यात नव्हती. ७ वाजून ४० मिनिटांच्या सुमारास ती टप्प्यात आली, आणि स्फोटाची पश्चदीप्तीच इतकी तीव्र होती की स्विफ्टने तिला नवीन घटना समजून नोंदवले आणि जागा ठरवली: गरुड आणि हंस यांच्यामधले चिमुकले शर तारकामंडळ. ती जागा आकाशगंगेच्या पट्ट्यालगत असल्यामुळे हा आपल्याच आकाशगंगेतील एखादा उद्रेक असावा असे प्रथम मानले गेले, आणि त्याला स्विफ्ट जे१९१३.१+१९४६ असे नाव मिळाले. हे नाव स्थानावरून पडलेले होते, कारण तोवर हाती फक्त स्थानच होते. फर्मीची नोंद तिच्याशी जुळवून पाहिल्यावर दोन्ही घटना एकच असल्याचे उमगले, आणि चिलीतील व्हीएलटी दुर्बिणीने घेतलेल्या वर्णपटावरून तो प्रकाश सुमारे दोन अब्ज वर्षांपूर्वी निघाल्याचे कळले. त्यानंतर स्थानावरचे नाव मागे पडले आणि तारखेचे नाव रूढ झाले.