घोड्यांचा मुक्त संचार

घोड्याला तबेल्यात न बांधता दिवसरात्र, बारा महिने कुरणात किंवा कुंपण घातलेल्या रानात मोकळे ठेवण्याची पद्धत. ऊन-पाऊस-वाऱ्यापासून आडोसा, पाणी, चारा आणि दुसऱ्या घोड्यांची सोबत एवढे तिच्यात गृहीत असते. तबेल्यात बुजरा, तापट किंवा अंगावर येणारा म्हणून बदनाम झालेला घोडा मोकळ्यावर गेला की पुष्कळदा काही आठवड्यांत निवळतो. मग ‘घोडा मंद झाला’ अशी तक्रार ऐकू येते. ती बहुधा चुकीची असते.

घोड्याची रग वेगळी आणि दम वेगळा. रग म्हणजे कोंडलेल्या अंगाची उसळी. दम म्हणजे टिकून काम करण्याची ताकद. तासभराची रपेट सोडली तर ठाणबंद घोडा उरलेला दिवस चार भिंतींत उभा असतो. त्याला सोडले की शेपूट उभारून, नाकपुड्या फुरफुरवत तो चौखूर उधळतो, लाथा झाडतो आणि दोन-चार फेऱ्या मारून झाल्या की मातीत लोळतो. कोंडमारा जितका लांबतो तितकी ही उसळी वाढते. स्वार तिलाच उत्साह समजतो. मोकळ्यावरच्या घोड्यात ती साठतच नाही, कारण चरता चरता तो सतत पावले टाकत असतो. ऑस्ट्रेलियातले रानटी घोडे दिवसाला सरासरी 15 किलोमीटरच्या आसपास चालतात. लहान कुरणात अंतर बरेच कमी भरते, तरी सांधे आणि स्नायू हलते राहतात. वाढत्या वयाच्या घोड्यांना कुरणातून उचलून तबेल्यात ठेवले तर पायांच्या हाडांतील खनिजांचे प्रमाण घटते, असेही आढळले आहे.

घोडा निवळण्याचे दुसरे कारण पोटात आहे. घोड्याचे जठर शरीराच्या मानाने लहान, जेमतेम 8 ते 15 लिटरचे. त्यात आम्ल अखंड पाझरते, पण त्याला आवर घालणारी लाळ फक्त चावतानाच सुटते. म्हणून मोकळा घोडा दिवसाचे 14 ते 18 तास थोडे थोडे चरतो. दोन वेळा चंदी (धान्याचा खुराक) आणि मध्ये रिकामी गव्हाण या क्रमात जठराला व्रण पडण्याचा धोका वाढतो. तंग आवळताना चावायला धावणारा घोडा खोडकर नसून दुखण्याने त्रासलेला असू शकतो, हे लक्षात ठेवायला हवे. चंदीतल्या स्टार्चमुळेही काही घोडे अधिक भडक होतात.

लाकूड दातांत धरून हवा ओढणे, दारात उभे राहून डावी-उजवीकडे झुलत राहणे, खोलीत येरझाऱ्या घालणे या खोडी कोंडमारा, चाऱ्याचा तुटवडा आणि एकटेपणातून जडतात. रानटी घोड्यांत त्या दिसत नाहीत. मात्र एकदा मुरलेली खोड मोकळ्यावरही पूर्णपणे जाईलच असे नाही.

कळपातला घोडा झोपतोही निर्धास्त. उभ्याने डुलकी घेता आली तरी गाढ, स्वप्नांची झोप त्याला आडवे झाल्याशिवाय लागत नाही. दुपारी कुरणात एखादा पाय ताणून सपाट पडलेला असतो आणि शेजारी दुसरा मागचा एक खूर टेकवून, कान हलवत उभा असतो. ही राखण आहे. दोघे एकमेकांच्या मानेचा बुंधा, खांद्याजवळची जागा दातांनी खाजवतात तेव्हा हृदयाचे ठोके मंदावतात, हे मोजून पाहिलेले आहे.

तरीही मोकळे रान म्हणजे हमखास शांत घोडा नव्हे. एकटाच ठेवलेला घोडा कुंपणालगत फेऱ्या मारत खिंकाळतो. जोडीदाराची सवय झालेला घोडा कामाला नेताना अडून बसतो. सोसाट्याचा वारा सुटला की पुष्कळ घोडे बुजतात, आणि माश्यांचा त्रास वाढला की चरणे सोडून पळत सुटतात. गवताचे पातेही न दिसणारे उघडे पटांगण तर तबेल्याहून फारसे बरे नसते.

खरी मंदीही येते, पण तिची कारणे निराळी. कोवळ्या, गोड गवतावर घोडा झपाट्याने अंगाने सुटतो, मानेवर चरबीची वळकटी चढते आणि खुरांच्या आतल्या थरांचा दाह होऊन तो पाय टाकायला नाखूश होतो. जंत, थंडीत अपुरा चारा किंवा पावसात भिजलेले अंग यांमुळेही अंगातली ताकद जाते. कोरड्या थंडीला घोडा घाबरत नाही. दाट केस आणि मोठ्या आतड्यात चारा आंबताना निघणारी उष्णता त्याला ऊब देते. ओल आणि वारा एकत्र आले की मात्र आडोसा लागतोच.

तबेल्यातून मोकळ्यावर नेताना गवताचे तास रोज थोडे थोडे वाढवतात. नव्या घोड्याला कुंपणापलीकडून कळपाची ओळख होऊ देतात आणि मगच आत सोडतात.